मत हलते, मन तेवढे हलत नाही

गेल्या अंकात नेदरलँड्समधल्या मतदार-संशोधनाची ओळख करून दिली होती. त्यावर पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. 'पुढच्या विधानसभेत कोण येणार ते सांगा' एवढाच मजकूर असलेली पत्रे मात्र बाजूला ठेवली आहेत. ते काम ज्योतिषाचे.

प्रश्न : डच मतदार इतका चंचल कसा? एनएससी हा पक्ष २०२३ मध्ये स्थापन होतो, लगेच २० जागा घेतो आणि २०२५ मध्ये शून्यावर येतो. सीडीए ५ वरून १८ वर जाते. विल्डर्स यांची पीव्हीव्ही १७ वरून ३७ आणि मग २६. आमचे आमदार पक्ष बदलतात, तिथे मतदारच बदलतात असे म्हणायचे का? (साखळी)

उत्तर : मतदार पक्ष बदलतात हे खरे, पण ते कुठून कुठे जातात ते पाहिले की चित्र पालटते. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातले राज्यशास्त्रज्ञ टॉम फान देर मेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ ते २०१० या काळात त्याच त्या माणसांना पुन्हा पुन्हा विचारलेल्या उत्तरांचा अभ्यास केला. अर्ध्याहून अधिक लोकांनी त्या चार वर्षांत निदान एकदा तरी पसंतीचा पक्ष बदलला होता. परंतु डावीकडचा मतदार बहुधा डावीकडच्याच दुसऱ्या पक्षाकडे गेला आणि उजवीकडचा उजवीकडच्याच. कुंपण ओलांडणारे थोडे. म्हणजे मतदाराच्या मनात दोन-तीन पक्षांची छोटी यादी असते, ती सहसा बदलत नाही. त्या यादीतला कोणता पक्ष निवडायचा, हे मात्र प्रचार, नेता, वादचर्चा आणि 'कोणाला दिलेले मत वाया जाणार नाही' यावर ठरते.

या अभ्यासातली माणसे एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या ऑनलाइन गटात आपणहून नाव नोंदवलेली होती, म्हणजे राजकारणात रस असणारी जरा जास्तच. त्यामुळे 'अर्ध्याहून अधिक' हा आकडा जसाच्या तसा साऱ्या देशाला लावू नये. हालचालीची दिशा कळायला मात्र तो अभ्यास पुरेसा भक्कम आहे.

२०१२ चे उदाहरण घ्या. ऑगस्टमध्ये समाजवादी पक्ष, म्हणजे एसपी, काही चाचण्यांत तिसाच्या वर जागा घेताना दिसत होता. वादचर्चा झाल्या, मजूर पक्षाचे डिडेरिक साम्सोम चमकले, आणि १२ सप्टेंबरला मजूर पक्ष ३८ वर पोचला. एसपी १५ वर, म्हणजे २०१० इतक्याच जागांवर थांबला. पाहणाऱ्याला वाटले, देश उलटापालटा झाला. घडले ते मुख्यतः डाव्या अंगणातच. तिकडे उजव्या अंगणात लोक व्हीव्हीडीभोवती एकवटले आणि त्या पक्षाला ४१ जागा मिळाल्या.

लोकांची मते, म्हणजे उत्पन्नातली तफावत कमी व्हावी का, परदेशातून आलेल्यांनी डच रीतीभाती कितपत उचलाव्यात, युरोपीय एकीकरण पुढे न्यावे का, हे प्रश्न तिथे वर्षानुवर्षे त्याच शब्दांत, १ ते ७ अशा पट्टीवर विचारले जातात. त्या उत्तरांच्या सरासरीत निवडणुकीगणिक होणारा फरक जागांतल्या उलथापालथीपुढे अगदी किरकोळ असतो. २००२ मध्ये स्थलांतरावर टीका करणारे नेते पिम फोर्टाऊन यांची ६ मे रोजी हत्या झाली आणि १५ मे रोजी त्यांच्या नव्या पक्षाने २६ जागा जिंकल्या, तेव्हाही स्थलांतराविषयीची नाराजी त्या महिन्यात जन्मलेली नव्हती. ती आधीपासून होती, मत टाकायला जागा तेव्हा मिळाली.

आपण लिहिलेल्या आकड्यांबाबत एक सावधगिरी बाळगा. एनएससीच्या २० गेल्या आणि सीडीएच्या १३ वाढल्या म्हणून 'एनएससीचे मतदार सीडीएत गेले' असे गणित मांडू नये. एनएससीचे संस्थापक ओमझिख्ट मूळचे सीडीएचेच, त्यामुळे तर्क पटण्याजोगा आहे. पण एकूण बेरजांवरून माणसांचा प्रवास कळत नाही. क च्या मतदारांतले काही घरी बसले, ख चे काही ग कडे गेले आणि नवे तरुण ख कडे आले, तरी बेरजा त्याच दिसतील. त्याच माणसाचे दोन्ही वेळचे उत्तर हाती असेल तरच बोलावे. गोव्यातही 'मगोची (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाची) मते अमक्याला पडली' असे मतदान केंद्राच्या आकड्यांवरून छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात, त्यांनाही हेच लागू.

प्रश्न : 'तुम्ही कोणाला मत देणार' यापेक्षा चांगला प्रश्न डच संशोधकांनी शोधला, असे लेखात ओझरते होते. तो कोणता? (म्हापसा)

उत्तर : १९८२ च्या डच निवडणूक-अभ्यासात केस फान देर आइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वापरला. प्रत्येक पक्षाचे नाव वेगळे घेऊन विचारायचे : 'या पक्षाला तुम्ही कधी ना कधी मत द्याल, याची शक्यता किती? १ म्हणजे कधीच नाही, १० म्हणजे कधीतरी नक्की.' पुढे हा प्रश्न अनेक देशांच्या अभ्यासांत गेला.

एकाच पक्षाला ९ आणि बाकी सर्वांना १-२ देणारा मतदार पक्का. तीन पक्षांना ८, ८, ७ देणारा आज कुणाचेही नाव सांगो, त्याच्या घरचा दरवाजा तिघांनाही उघडा आहे. मताचा साधा प्रश्न विचारला तर हे दोघे कागदावर सारखेच दिसतात. सगळ्यांना १ देणारा बहुधा मतदानालाच जाणार नाही, हेही यातून कळते.

दोन चुका हमखास होतात. पहिली : 'या निवडणुकीत' असे शब्द घातले की लोक एका पक्षाला १० आणि इतरांना १ देऊन मोकळे होतात. 'कधी ना कधी' हे शब्द गाळू नयेत. दुसरी : पक्षांचा क्रम सर्वांना एकच ठेवला तर शेवटच्या पक्षांपर्यंत येता येता माणूस कंटाळतो आणि एकच आकडा सांगत सुटतो. क्रम फॉर्मागणिक फिरवावा.

प्रश्न : एम.ए.च्या प्रबंधासाठी एका विधानसभा मतदारसंघात ४०० जणांचे सर्वेक्षण करायचे आहे. मतदारयादी मिळाली. पुढे काय? (फोंडा)

उत्तर : गोव्यात सरासरी मतदारसंघ २९ हजारांच्या आसपास मतदारांचा, म्हणजे इतर राज्यांच्या मानाने चिमुकला. एकट्या-दुकट्याला काम झेपते.

आधी केंद्रे निवडा. सर्व मतदान केंद्रांची यादी करून प्रत्येकापुढे मतदारसंख्या आणि तिची चालती बेरीज लिहा. २० केंद्रे हवी असतील तर २९,००० भागिले २०, म्हणजे १,४५० ची पायरी. १ ते १,४५० मधला एक आकडा चिठ्ठीने काढा. समजा ६१२ आला. मग ६१२, २,०६२, ३,५१२ असे पुढे जा. हे आकडे चालत्या बेरजेत ज्या केंद्रांत पडतात ती केंद्रे तुमची. मोठ्या केंद्राला निवडले जाण्याची संधी आपोआप जास्त मिळते.

आता केंद्रातली नावे. २० मुलाखती हव्या असतील तर ३० नावे काढा, कारण सगळे भेटत नाहीत. केंद्रात ७२० नावे असली तर पायरी २४. सुरुवात चिठ्ठीने, समजा १७. मग १७, ४१, ६५ अशी नावे. यादीतले नाव म्हणजे तेच माणूस. तो नसेल तर भाऊ नको, शेजारीण नको, समोरच्या पोसऱ्यावर, म्हणजे दुकानावर, बसलेले गृहस्थ तर मुळीच नकोत. घरी सहज सापडणाऱ्यांचे सर्वेक्षण म्हणजे निवृत्त आणि गृहिणींचे सर्वेक्षण. प्रत्येक नावासाठी तीन खेपा, निरनिराळ्या वेळी. त्यातली एक संध्याकाळी सहानंतर आणि एक रविवारी. कारखान्यात पाळीवर जाणारा आणि हॉटेलात काम करणारा तेव्हाच गवसतो.

गोव्यात यादीचीच अडचण मोठी. तारवटी सहा-आठ महिने बोटीवर. काही जण नाव यादीत ठेवून इंग्लंडात. उलट भाड्याच्या खोल्यांत वर्षानुवर्षे राहणाऱ्या कितीतरी जणांचे नाव गावच्या यादीत आहे, इथे नाही. म्हणून प्रत्येक नावापुढे निकाल लिहा : भेटला, नकार, परदेशी, घर बदलले, मयत, तीन खेपांत गाठ नाही. प्रबंधात हा तक्ता छापा. परीक्षक आधी तोच शोधतात, निदान शोधायला हवा.

मत विचारताना तोंडी विचारू नका. सासू शेजारी बसलेली असते. पक्षांची नावे आणि चिन्हे छापलेली नमुना मतपत्रिका द्या, खूण करून, घडी घालून माणसाने ती स्वतः पिशवीत टाकावी. मागे फॉर्मचा क्रमांक घालणार असाल तर तसे त्याला सांगा. लपवाल तर गावभर होईल आणि पुढची दारे बंद होतील. कोकणी आणि मराठी, दोन्ही मजकूर आधी छापून न्या. दारात उभ्याने केलेले भाषांतर दर मुलाखतीला बदलते आणि प्रश्नही बदलतो.

मतदानोत्तर पाहणी असेल तर ती निकालाआधी उरका. निकाल लागला की हरलेल्याला मत दिलेले काही जण विजेत्याचे नाव सांगू लागतात, काहींना ते मनापासून तसे आठवतही असते. डच अभ्यासक जुने मत पुन्हा विचारण्यापेक्षा त्या वेळी नोंदवलेले उत्तर वापरतात ते यासाठीच. मतदान केले का, या प्रश्नाला तर कुठल्याही देशात खऱ्यापेक्षा जास्त 'हो' येतात.

शेवटी भारांकन. यादीत बायका ५१ टक्के आणि तुमच्या नमुन्यात ४० असल्या, तर प्रत्येक बाईच्या उत्तराला ५१ भागिले ४०, म्हणजे १.२८ वजन आणि पुरुषाच्या उत्तराला ४९ भागिले ६०, म्हणजे ०.८२. वय गटांनाही तसेच. एखादे वजन ३ च्या वर जायला लागले तर समजावे की तो गट आपल्याला नीट भेटलेलाच नाही. वजनाने तो भेटत नाही.

४०० च्या नमुन्याला पुस्तकात अधिक-उणे ५ टक्के चूक लिहिलेली असते. ती सुट्या सुट्या निवडलेल्या माणसांची. एका केंद्रातली वीस माणसे एकाच वाड्यावरची, बरीचशी एकमेकांसारखी. म्हणून प्रत्यक्षात ६ ते ७ टक्के धरा. ४० केंद्रांत १०-१० मुलाखती केल्या तर चूक कमी होते, पेट्रोल वाढते.

प्रश्न : डच चाचणीत एका पक्षाला २६ आणि दुसऱ्याला २४ जागा दाखवल्या. पहिला पुढे आहे असे म्हणता येईल का? (कुडचडे)

उत्तर : नाही. १५० जागांच्या सभागृहात २६ जागा म्हणजे १७.३ टक्के मते. १,००० जणांच्या नमुन्यात या टक्केवारीला अधिक-उणे २.३, म्हणजे साडेतीन जागा. दोन पक्षांमधल्या फरकाची चूक याहून मोठी, पाच जागांच्या वर. तेव्हा दोन जागांच्या फरकाला 'आघाडी' म्हणणे धाडसाचे. नमुना २,००० केला तरी सुमारे चार जागांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. ९ जागांच्या छोट्या पक्षाला १,००० च्या नमुन्यात अधिक-उणे दोन.

लायडन विद्यापीठाचे टॉम लाउवर्से 'पेइलिंगवेइझर' नावाने निरनिराळ्या संस्थांच्या चाचण्या एकत्र करतात. एखादी संस्था एखाद्या पक्षाला नेहमीच थोडे जास्त दाखवत असेल तर तो कल वेगळा काढतात आणि एकच आकडा न देता पल्ला देतात, जसे २३ ते २७. वर्तमानपत्राला असा मथळा आवडत नाही, पण प्रामाणिक मथळा तोच. २०२५ मध्ये डी६६ आणि पीव्हीव्ही दोघेही २६ वर थांबले. तिथे कोण पुढे हे मतमोजणीच सांगू शकत होती.

गोव्यात तर टक्क्यांवरून जागा काढणे आणखी कठीण. २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला. १,००० चा नमुना ४० मतदारसंघांत वाटला तर वाट्याला २५ माणसे. पंचवीस जणांवरून ७६ मतांचा निकाल कोण काढणार?

प्रश्न : व्हॉट्सॲपवरच्या कौलात वीस हजार लोक भाग घेतात. त्यापेक्षा हजाराचा नमुना चांगला कसा? (डिचोली)

उत्तर : कारण त्या वीस हजारांना कोणी निवडलेले नाही, ते आपण होऊन आले, काही जण तर दोन-दोन मोबाइलवरून. चुकीच्या पद्धतीने जमवलेली माणसे वाढवली की चूक कमी होत नाही, फक्त आत्मविश्वास वाढतो.

टिलबर्गमध्ये २००७ पासून चालणाऱ्या लिस पॅनेलने, म्हणजे त्याच घरांना पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या पाहणीने, याचा उलटा मार्ग धरला. घरे डच सांख्यिकी कार्यालयाने लोकसंख्या-नोंदणीतून काढली, आपणहून नाव घालायला बंदी. ज्या घरात संगणक वा इंटरनेट नव्हते तिथे तो पुरवला, म्हणजे म्हातारी माणसे गळायला नकोत. दर महिन्याला प्रश्नावली आणि वेळेचा मोबदला. तरीही लोक कंटाळून सोडून जातात. राजकारणाविषयी उदासीन असलेले आधी जातात, म्हणून मधूनमधून नवी घरे भरावी लागतात. शिवाय वारंवार विचारून विचारून माणूस बातम्या जास्त वाचू लागतो आणि हळूहळू सामान्य मतदार उरत नाही. या दुखण्यावर पक्का इलाज नाही.

प्रश्न : आमच्या १९६७ च्या ओपिनियन पोलसारखे काही नेदरलँड्समध्ये झाले का? (पणजी)

उत्तर : १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल हे पाहणीसाठीचे सर्वेक्षण नव्हते, निर्णयाचे मतदान होते. दोन पाने की फूल, संघप्रदेश की महाराष्ट्रात विलीनीकरण. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, फरक ३४,०२१. तो निकाल मानला गेला.

नेदरलँड्समध्ये २००५ मध्ये युरोपीय राज्यघटनेवर सार्वमत झाले, ६१.५ टक्के 'नको' म्हणाले. २०१६ मध्ये युक्रेनबरोबरच्या करारावर पुन्हा सार्वमत, तेही केवळ सल्लादायी. तिथे गंमत नियमात होती : मतदान ३० टक्क्यांच्या खाली गेले तर निकाल बाद. त्यामुळे कराराच्या काही समर्थकांनी घरी बसणे पसंत केले. मतदान झाले ३२.३ टक्के, ६१ टक्के विरोधात. अशा वेळी घरी बसलेल्या मतदाराला 'उदासीन' म्हणावे की 'होकारवाला', हे मतमोजणीतून कळत नाही, सर्वेक्षणातूनच कळते. अशी किमान मतदानाची अट घालणे आम्हांला चुकीचे वाटते. ती एका बाजूला मतपेटीपेक्षा अंथरूण सोयीचे करून देते. २०१८ मध्ये सल्लादायी सार्वमताचा तो कायदाच रद्द झाला.

प्रश्न : तिथे मतदान सक्तीचे होते म्हणतात, ते खरे का? (वाळपई)

उत्तर : हो, केंद्रावर हजेरी लावण्याची सक्ती १९१७ पासून १९७० पर्यंत होती. ती गेल्यावर १९७१ मध्ये मतदान ९५ टक्क्यांच्या आसपासून ७९ वर आले. अलीकडेही ते ७८ च्या आसपास असते, म्हणजे २०२२ च्या आपल्या विधानसभेइतकेच.

प्रश्न : तीस प्रश्नांची उत्तरे देऊन 'तुमचा पक्ष कोणता' सांगणारे डच साधन गोव्यात करता येईल का? (मडगाव)

उत्तर : ते साधन म्हणजे स्टेमवेइझर. ते १९८९ मध्ये कागदी पुस्तिका म्हणून सुरू झाले, १९९८ मध्ये इंटरनेटवर आले. त्यात ३० विधाने असतात, सहमत-असहमत सांगायचे, पक्षांनीही त्याच विधानांना उत्तरे दिलेली असतात. २००६ पासूनच्या कीसकॉम्पास या तशाच दुसऱ्या साधनात संशोधक पक्षाचे उत्तर त्याच्या जाहीरनाम्याशी पडताळून पाहतात.

गोव्यात विधाने लिहिणे कठीण नाही : खाणी पुन्हा पूर्ण जोमाने चालाव्यात, शेतजमिनीचे रूपांतर थांबवावे, कॅसिनो मांडवीतून हलवावेत. एका विधानात एकच गोष्ट असावी. 'कॅसिनो हलवून पर्यटन वाढवावे' याला अर्धे हो, अर्धे नाही असे उत्तर कसे द्यायचे? जे विधान सगळे पक्ष मान्य करतात ते काढून टाकावे. 'म्हादई वाचवा' याला कोणता पक्ष नाही म्हणेल?

खरी अडचण पक्षांची. डच मतदार देशभराच्या एका यादीला मत देतो. मताधिकारी एक कोटीच्या वर मते देतात, त्यांचा दीडशेवा भाग, २०२३ मध्ये साधारण ६९,५०० मते, मिळाली की एक जागा. उमेदवार गौण, पक्षाचे धोरण मुख्य. आपल्याकडे जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. पक्षाच्या उत्तरांवर बेतलेले साधन अशा ठिकाणी निम्मेच कामाचे. करायचेच असेल तर उत्तरे मतदारसंघातल्या उमेदवारांकडून लेखी घ्यावीत, ज्याने दिली नाहीत त्याच्यापुढे 'उत्तर नाही' असे छापावे.

प्रश्न : डच पद्धत इथे असती तर २०२२ मध्ये काय झाले असते? (पेडणे)

उत्तर : आरजीला (रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाला) ९ टक्क्यांवर मते पडून एक जागा मिळाली, मगोला साडेसात टक्क्यांच्या आसपास मतांवर दोन, तृणमूलला ५ टक्क्यांवर मते पडून एकही नाही. ४० जागा मतांच्या प्रमाणात वाटल्या असत्या तर आरजी आणि मगोला प्रत्येकी तीन-चार आणि तृणमूलला दोन मिळाल्या असत्या. पण हा हिशोब करमणुकीपुरता. पद्धत बदलली की लोकही वेगळे मत देतात. 'निवडून येणार नाही, मत फुकट' म्हणून ज्यांनी आपला पक्ष सोडला, ते परत आले असते.

प्रश्न : डच आकडेवारी विद्यार्थ्यांना मिळते का? आणि आपण केलेली पाहणी कधी छापता येते? (ताळगाव)

उत्तर : १९७१ पासूनच्या राष्ट्रीय निवडणूक-अभ्यासाची आणि लिस पॅनेलची मूळ उत्तरे नावे वगळून अभ्यासकांना विनामूल्य मिळतात. नाव नोंदवून, वापराच्या अटींवर सही करावी लागते. प्रश्नावल्या इंग्रजीतही आहेत, त्यामुळे डच यायला हवे असे नाही. आधी प्रश्नावली वाचावी, मग आकडे उघडावेत. उलट केले की 'माहीत नाही' साठी घातलेला ९९ हा आकडा कुणाचे तरी वय म्हणून सरासरीत शिरतो.

आपल्या पाहणीबाबत : लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जनमत चाचणीचे निष्कर्ष दूरचित्रवाणी वा तत्सम माध्यमांतून दाखवता येत नाहीत. कलम १२६ अ नुसार मतदानोत्तर चाचणीचे निष्कर्ष निवडणूक आयोगाने जाहीर केलेल्या वेळेपर्यंत कुठेही प्रसिद्ध करता येत नाहीत. अनेक टप्प्यांची निवडणूक असेल तर ही बंदी शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत चालते, गोव्याचे मतदान आधीच उरकलेले असले तरीही. विद्यार्थ्याने व्हॉट्सॲपवर टाकलेला तक्ताही त्यात येऊ शकतो.